एकतिसाव्या पानावरची चिमणी

संपादक म्हणाले, "बाई, वाचनालयातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." गमती आहेत, त्या सांगतेच. पण बोलता बोलता ते असंही म्हणाले, की हा अंक गावोगावच्या वाचनालयांत जातो आणि परराज्यांतल्या मराठी मंडळांतही जातो. ते ऐकल्यावर मी लगेच हो म्हटलं. त्यात माझा थोडा स्वार्थ आहे.

इंदापुरात आमचं वाचनालय बाजारपेठेच्या मागच्या अंगाला होतं. पत्र्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं, मागच्या खोलीत पुस्तकांची कपाटं आणि मधल्या दाराशी माझं टेबल. मी ग्रंथपाल. शब्द भारदस्त आहे. प्रत्यक्षात झाडलोट तेवढी नामदेव शिपायाकडं होती आणि बाकी सगळं ग्रंथपालाकडं. आल्यागेल्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "बाई, तुमचं बरंय, दिवसभर बसून वाचायचं." हलवाई दिवसभर पेढे खात बसतो का, असं विचारायचं माझ्या जिभेवर यायचं. नोकरीत असताना मी वाचलं ते पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे. पुस्तक घ्या, पुस्तक द्या, सुटलेली पानं खळीनं चिकटवा, उसवलेली पाठ दाभणानं शिवा, पावसाळ्यात वाळवी बघा आणि उन्हाळ्यात पत्रा तापला की कपाळाचा घाम पुस्तकावर पडणार नाही एवढं सांभाळा.

आमच्याकडं एक गृहस्थ दार उघडायच्या आधीपासून ओट्यावर बसलेले असत. पेपर हातात आला की फक्त निधनवार्ता वाचत, घडी घालून ठेवत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, "आज आपलं कुणी नाही." मग ज्यांना खरंच काळजी होती तेही हसत. दुसरे एक वाचक रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवत, "खून मेहुण्याने केला आहे. वेळ वाया घालवू नये." हे महाशय कोण, ते मला शेवटपर्यंत सापडले नाहीत. एका प्रेमाच्या कादंबरीत कुणा बाईंनी समासात लिहिलं होतं, "असं कधी होत नाही." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "होतं." त्याच्याही खाली पहिल्याच अक्षरात, "कुठं?" त्याचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

हे सगळं पुसायला लागायचं. केबल आल्यापासून सभासद गळत चालले होते, नवी पुस्तकं येणं आमच्या हातात नव्हतं. जुनी नीटनेटकी ठेवणं तेवढं होतं. वर्षाकाठी तपासणीला साहेब यायचे आणि कुठलंही कपाट उघडून कुठलंही पुस्तक उघडायचे. म्हणून दर रविवारी आठवडाभरात परत आलेली पुस्तकं पानन् पान चाळून, त्यांतली गिचमिड पुसून मगच कपाटात लावायची, असा आमचा रिवाज होता. त्यासाठी हौशी मंडळी यायची. सुरुवातीला चांगली पाचसहा जणं असत, चहा होई, गप्पा होत. मग कुणाची बदली झाली, कुणाला नातवंडं झाली, कुणाला रविवार सकाळचा टीव्ही आवडायला लागला. शेवटी एकटे तात्या उरले.

तात्या निमगाव केतकीचे. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, तिथून निवृत्त झालेले. रविवारी सकाळच्या एसटीनं येत. पांढरा सदरा, पांढरी विजार, पिशवीत ॲल्युमिनियमचा डबा. डब्यात खोडरबराचे तुकडे आणि भुगा झाडायला दाढीचा जुना ब्रश. काम इतकं हळुवार, की पुसलेली जागा हात फिरवून बघितली तरी कळू नये. मी एकदा म्हटलं, "तात्या, एखादी रेघ राहिली तर राहू द्या, साहेब काही भिंग घेऊन येत नाहीत."

तर म्हणाले, "सायबासाठी न्हाय बाई. आमच्या वडलांना उभ्या जन्मात कुणी पुस्तकाला हात लावू दिला न्हाय. छपन्न सालानंतर आमच्या घरात पयलं पुस्तक आलं, तवा आईनं हात धुऊन, पदराला पुसून घेतलं. वाचता येत नव्हतं तिला. आन् ही शिकलेली मान्सं त्याच्यावर खून कुणी केला ते लिवत्यात."

त्यानंतर मी त्यांना कधी घाई केली नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वाचनालयाचा शिक्का पुस्तकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर असतो, हे सगळ्यांना दिसतं. त्याशिवाय प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. कुणी पहिली-शेवटची पानं फाडून पुस्तक रद्दीत विकलं, तरी ते पान उघडलं की पुस्तक कुणाचं ते कळावं, म्हणून. आमचं गुप्त पान एकतिसावं. तिथं खालच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का. आता सगळ्या वाचनालयांनी मला माफ करावं.

एका बुधवारी दुपारी वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. एक तरुण बाई मागच्या खोलीत उभ्या उभ्या परत करायच्या पुस्तकात काहीतरी काढताना मला दिसली. मी अशी तडक उठले, की खुर्ची पडली. पुस्तक हिसकून घेतलं. एकतिसावं पान. शिक्क्याच्या शेजारी पेन्सिलीची नखाएवढी चिमणी. नुसती गोल पाठ, चोच आणि दोन काड्यांचे पाय.

"बालवाडीत शिकवता ना तुम्ही? पोरांना हेच शिकवता?" मी म्हटलं.

तिनं माफी मागितली नाही. विचारलं, "बाई, मागच्या आठवड्यातली पुसली का हो?"

तिनं मागच्या आठवड्यात परत केलेलं पुस्तक मी काढून बघितलं. कोपरा कोरा होता. तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे बघतात," ती म्हणाली.

ती तात्यांची मुलगी सुनंदा. तिनं मग मला सगळं सांगितलं. ती लहान असताना तात्यांची कारखान्यात दुसरी पाळी असायची. ते घरी यायचे तेव्हा ही झोपलेली असायची. म्हणून पाटीवर अभ्यास लिहून झाला, की ती कोपऱ्यात चिमणी काढून पाटी भिंतीशी ठेवायची. तात्या आले की पाटी बघायचे आणि अंगठ्यानं फक्त चिमणी पुसायचे. सकाळी उठल्यावर चिमणी नसली की समजायचं, तात्यांनी बघितलं, पुढचा धडा घ्यायचा. बापलेकीची पाळीपाळीनं भेट व्हायची ती अशी.

मोठी झाल्यावर तिनं एका वायरमनशी लग्न केलं. जातीबाहेरचं, कुणाला न सांगता, बारामतीला सह्या करून. त्याच्या घरच्यांनी दार लावलं ते जातीमुळं. तात्यांनी लावलं ते वेगळ्या कारणानं. ते कारण मला पुढं खुद्द त्यांच्याकडूनच कळलं. नवराबायको इंदापुरातच भाड्याच्या खोलीत राहत होती. तात्या रविवारी वाचनालयात येतात हे तिला कळलं होतं. समोर यायची तिची हिंमत नव्हती, म्हणून ती बुधवारी येऊन चिमणी काढून जायची.

त्या रविवारी मी हातातलं काम सोडून तात्यांकडं बघत बसले. त्यांनी गठ्ठ्यातलं ते पुस्तक घेतलं, एकतिसावं पान उघडलं, आजूबाजूला बघितलं. मग रबराला हात न लावता अंगठा जिभेला लावून चिमणीवर फिरवला. जुन्या पुस्तकांना थुंकी लावणाऱ्यांवर खेकसणारा हा माणूस! त्याच पानावर कुणीतरी ठळक अक्षरात "छान" लिहिलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मी न राहवून म्हटलं, "तात्या, सुनंदा बुधवारी येते."

"कोन सुनंदा?" ते म्हणाले. मग बराच वेळ भुगा झाडत राहिले. एसटीची वेळ झाल्यावर पिशवी उचलताना बोलले, "इचारलं असतं तर मी व्हय म्हनलो असतो, बाई. सोता सही कराया गेलो असतो. तिनं इचारलंच न्हाय. बाप न्हाय म्हनंल असं वाटलं तिला. मला वळखलंच न्हाय पोरीनं."

हे मी सुनंदाला सांगितलं. ती रडली, पण म्हणाली, "अजून राग आहे. पुसतात तोवर मी काढत राहीन. एक दिवस बुधवारी येतील बघा." आणि मला वेडीला तेही खरं वाटलं. दीड-दोन वर्षं हे चाललं. बुधवारी चिमणी बसायची आणि रविवारी उडायची. कोणतं पुस्तक आहे हे मला न सांगताही कळायला लागलं. तपासणी, पत्र्यातून गळणारं पाणी, रिकामी होत चाललेली बाकं या सगळ्यांत मला आठवड्याची वाट बघायला लावणारी ती एकच गोष्ट होती.

मग एका बुधवारी सुनंदानं मागच्या आठवड्यातलं पुस्तक उघडलं, तर चिमणी जागच्या जागी.

"राहिली असेल चुकून," मी म्हटलं. तिनं दुसऱ्या पुस्तकात काढली. पुढच्या आठवड्यात तीही तशीच. त्यानंतरचीही तशीच. तात्या तर रविवारी नेमानं येत होते, पानन् पान चाळत होते, माझ्या डोळ्यांदेखत रबर फिरवत होते. मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू! एवढं घासता, आणि ती नखाएवढी चिमणी तेवढी पुसवत नाही?

तिसऱ्या वेळी सुनंदानं पुस्तक मिटलं आणि सभासदकार्ड माझ्या टेबलावर ठेवलं.

"बघायचं बंद केलं त्यांनी," ती म्हणाली. "झालं आता, बाई. ह्यांचं इथलं काम संपलंय, ठेकेदार सुरतेकडं बोलावतोय. मीच नको म्हणत होते इतके दिवस."

"पत्ता तरी देऊन जा."

"कुणासाठी देऊ?" तिनं विचारलं. ती गेली. त्या आठवड्यात त्यांनी खोली सोडली.

त्यानंतर काही दिवसांनी नामदेव एक पुस्तक घेऊन माझ्याकडं आला. "बाई, ह्यो शिक्का कुनी खाल्ला बघा." एकतिसावं पान. शिक्क्याची जागा घासून घासून पांढुरकी झाली होती, एका ठिकाणी कागद पार विरला होता. शेजारी चिमणी शाबूत. मी धावत जाऊन सुनंदाची बाकीची दोन पुस्तकं काढली. तिथंही तेच, आणि त्या रविवारांच्या इतर पुस्तकांतही शिक्के तसेच घासलेले. आमचे शिक्के तसेही पुसट उठायचे, म्हणून सुनंदाच्या काही लक्षात आलं नसणार. माझ्याही आलं नव्हतं.

रविवारी तात्या आल्यावर मी त्यांच्यापुढं त्या दिवशीचा पेपर धरला. म्हटलं, "वाचा जरा मोठ्यानं."

त्यांनी पेपर लांब धरला, जवळ घेतला. मग घडी घातली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय," ते म्हणाले. "धुरकट दिसतंया. बोललो असतो तर तुमी काम काढून घेतलं असतं. यष्टीची पाटीबी इचारूनच बसतोय. पर ते पान मला म्हाईत हाय की. कोपऱ्यात काळं दिसलं की मी पुसतोय."

जे काळं दिसत होतं, तेच तात्या पुसत होते. तो आमचा शिक्का होता, आणि चिमणी त्याच्या शेजारी उभी होती. हे त्यांना तेव्हा सांगायची माझी छाती झाली नाही. आधी डोळे होऊ देत, मग बघू, असं म्हणून मी आणि नामदेवनं त्यांना बारामतीला नेलं. एक डोळा झाला, काही महिन्यांनी दुसरा झाला. जाड भिंगाचा चष्मा आला.

चष्मा लावून तात्या आले त्या रविवारी मी ती तीन पुस्तकं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पहिलं उघडलं. चिमणी बघितली, घासलेला शिक्का बघितला. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. माणूस हुशार होता, त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"तिनं बघितलं का हे?" त्यांनी विचारलं.

"बघितलं."

"आन् काय म्हनली?"

मी सांगितलं. खोटं बोलायला हवं होतं, असं आजही वाटतं. पण त्या चष्म्यातून ते असे माझ्याकडं बघत होते, की मला जमलं नाही. ती गाव सोडून गेली हेही सांगितलं. तरी ते उठले आणि उन्हात तिच्या खोलीवर गेले. परत आले आणि ओट्यावरच बसले. "दुसरंच बिऱ्हाड हाय. मालकिनीला बी ठावं न्हाय," म्हणाले. नामदेवनं पाणी दिलं, ते हातात धरून बसले. पुढं त्यांनी सुरतेकडं जाणारा एक ट्रकवाला गाठला, कारखान्यातल्या जुन्या ओळखी काढल्या, जावयाच्या घरच्यांच्या दारातही जाऊन उभे राहिले. कुणालाच काही माहीत नव्हतं, निदान कुणी सांगितलं नाही.

त्या दिवशी मात्र ओट्यावरून उठून ते आत आले. अंगठा ओला केला आणि तिन्ही चिमण्या एकेक करून पुसल्या. मग मला म्हणाले, "बाई, पेन्सिल द्या."

मी दिली. त्यांनी पान एकतीस काढलं. पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

"ती काढायची. मी नुसता पुसायचो," ते म्हणाले. "मला काढता येत न्हाय."

तरी काढली. पाठ नीट आली नाही, चोच फार मोठी झाली. पाय काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं. ज्या माणसानं आयुष्यभर पुस्तकावर रेघ सहन केली नाही, त्यानं आमच्या वाचनालयाच्या पुस्तकावर चित्र काढलं आणि मी ग्रंथपाल समोर बसून बघत राहिले. नामदेव मागच्या खोलीत निघून गेला.

यानंतर दर रविवारी हेच. आधी इतरांची गिचमिड पुसायची, मग सुनंदाला आवडलेली पुस्तकं माझ्याकडून काढून घ्यायची आणि एकेकात चिमणी काढायची. "येईल कवा तरी. आली की आधी तेच पान बघंल," ते म्हणायचे. हळूहळू चिमण्या बऱ्या यायला लागल्या. एका तपासणीत साहेबांनी नेमकं तसलं पुस्तक उघडलं आणि शेरा मारला, "ग्रंथांवर पक्ष्यांची चित्रे आढळली, काळजी घ्यावी." मी त्याखाली "काळजी घेत आहोत" असं लिहून सही केली. ते खोटं नव्हतं.

एका रविवारी एसटी आली आणि तात्या आले नाहीत. पुढच्या रविवारी निमगावचा एक वाचक त्यांची पिशवी घेऊन आला. झोपेतच गेले, म्हणाला. पिशवीत तो डबा होता, ब्रश होता आणि माझी पेन्सिल होती, टोक काढून ठेवलेली.

पुढं महाविद्यालयातली काही मुलं-मुली रविवारी पुसायला यायला लागली. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगायची, काय वाटेल ते पुसा, एकतिसाव्या पानाच्या कोपऱ्याला हात लावायचा नाही. जीर्ण पुस्तकं बाद करायची वेळ आली, तेव्हा मी ती पुस्तकं यादीत घातली नाहीत. समितीशी भांडले. भांडायला कारण काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण खरं सांगितलं नव्हतं.

मी निवृत्त झाले त्या दिवशी ती सगळी पुस्तकं एकेक करून उघडली. तात्यांच्या चिमण्या जागच्या जागी होत्या, मोठ्या चोचीची पहिलीसुद्धा. एकही पुसलेली नव्हती. त्यानंतरही अधूनमधून जाऊन बघते. नवीन ग्रंथपाल मुलगी चांगली आहे, विचारत नाही.

सुनंदा, हा अंक तू आहेस तिथं पोचला असेल तर वाच. तात्यांनी बघायचं बंद केलं नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं, आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी ते तुझी चिमणी शोधत आमचा शिक्का पुसत होते. दिसायला लागल्यावर त्यांनी तुझ्या तिन्ही पुसल्या. आता कपाटात आहेत त्या त्यांच्या. वाचनालय त्याच जागी आहे, पान तुला माहीत आहे. त्या पुसायचं काम तुझं आहे, दुसऱ्या कुणाला आम्ही ते करू दिलेलं नाही.